पर्सेलचा ‘डायडोचा विलाप’: हे गाणे नेमके कोणाला उद्देशून आहे?

तीव्र मध्यम

नमस्कार. सतराव्या शतकातील इंग्रज संगीतकार हेन्री पर्सेल यांच्या ‘डायडो अँड एनियस’ या ऑपेराच्या अखेरीस कार्थेजची राणी डायडो मृत्यूपूर्वी एक गाणे म्हणते. ‘व्हेन आय ॲम लेड इन अर्थ’ या शब्दांनी ते सुरू होते आणि ‘डायडोचा विलाप’ या नावाने सर्वत्र ओळखले जाते. माझे शिक्षण हिंदुस्थानी कंठसंगीताचे आहे. पाश्चात्त्य संगीत मी आवडीने ऐकते, पण त्याचे शास्त्र रीतसर शिकलेले नाही. या एका गाण्याने मात्र मला असे धरून ठेवले आहे की त्याविषयी जाणकारांना विचारल्याशिवाय राहवत नाही.

ज्यांना कथा ठाऊक नसेल त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगते. ट्रॉयचा पाडाव झाल्यावर तिथला राजपुत्र एनियस आपली गलबते घेऊन निघतो आणि आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील कार्थेजला येऊन लागतो. तिथे त्याचे आणि राणी डायडोचे प्रेम जुळते. पण इटलीत जाऊन नवे राज्य वसवण्याची आज्ञा त्याला होते, तो निघण्याची तयारी करतो आणि ती प्राण सोडते. मूळ कथा व्हर्जिल या रोमन कवीच्या महाकाव्यातील आहे आणि ऑपेराची संहिता नाहम टेट या कवीने लिहिली आहे.

संहिता समोर ठेवून मी तिसरा अंक ऐकला तेव्हा एका जागी अडले. डायडोचे दुःख पाहून एनियस आपला निश्चय बदलतो. देवांचा रोष पत्करीन, पण जाणार नाही, असे तो स्पष्ट शब्दांत सांगतो. म्हणजे वियोगाचे कारणच तिथे संपते. तरीही डायडो त्याला थांबू देत नाही. उलट तूच निघून जा असे म्हणते, आणि तो गेल्यावर मरते. जी स्त्री त्याला स्वतःहून घालवते, तीच दोन-तीन मिनिटांनी ‘माझी आठवण ठेव’ असे आर्ततेने गाते, याची संगती कशी लावायची? तो राग आहे, मानीपणा आहे, की प्रेमच आहे?

दुसरा प्रश्न संगीताचा आहे. या गाण्यात खालच्या वाद्यांची एकच ओळ पुन्हा पुन्हा फिरत राहते. माझ्या कानाला ती आपल्या लेहऱ्यासारखी वाटते. परंतु तबलावादनात लेहऱ्याच्या समेवर येण्यात जो आनंद असतो, तो इथे कुठेच मिळत नाही. गाणारी समेवर येते आहे असे वाटेपर्यंत खालची ओळ पुढे निघून गेलेली असते. हे मुद्दाम केलेले आहे का? आणि तीच ओळ इतक्या वेळा ऐकूनही कंटाळा का येत नाही?

कोणते ध्वनिमुद्रण आधी ऐकावे तेही सुचवावे. आणखी एक विचारते: हे गाणे तानपुऱ्यावर स्वतः गाऊन पाहण्यात काही अर्थ आहे का?

खर्ज

मी चेलो वाजवतो, त्यामुळे आपण म्हणता ती खालची ओळ माझ्या चांगल्या परिचयाची आहे. आधी संगीताच्या प्रश्नाचे उत्तर देतो. संहितेविषयी अधिक अधिकाराने बोलणारे इथे आहेत.

अशा फिरत्या ओळीला ग्राउंड बेस म्हणतात आणि पर्सेलचा त्यात विशेष हातखंडा होता. लेहऱ्याची आपली तुलना योग्य आहे. दोन्हींत एक ठरलेली स्वरावली अखंड चालू राहते आणि तिच्या आधाराने दुसरे कोणीतरी मोकळेपणाने काही मांडते. या गाण्यातली ओळ पाच मापांची आहे आणि प्रत्येक मापात तीन मात्रा आहेत, म्हणजे आपल्या भाषेत हे पंधरा मात्रांचे आवर्तन झाले. पंचम सवारीच्याही पंधरा मात्राच, पण तिचे विभाग वेगळे पडतात, तेव्हा ते साम्य तेवढ्यावरच सोडू या. संपूर्ण गाण्यात हे आवर्तन ११ वेळा येते. पहिले आवर्तन एकट्या खालच्या वाद्यांचे, मग आठ आवर्तनांवर गायन, आणि शेवटची दोन पुन्हा केवळ वाद्यांची.

आता त्या ओळीचे स्वर पाहा. गाणे पांढरी पाचच्या मायनर स्केलमध्ये आहे. पांढरी पाच हा षड्ज मानला, तर ओळ वरच्या षड्जावरून निघते आणि शुद्ध निषाद, कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत असे करत पंचमावर येते. षड्ज आणि पंचम यांच्यामधला एकही स्वर तिने गाळलेला नाही. तिथून ती खाली कोमल गंधारावर उडी घेते, मध्यम आणि पंचम घेऊन चढू पाहते आणि अखेर खालच्या षड्जावर जाऊन टेकते. पुढच्याच क्षणी ती पुन्हा वरच्या षड्जावर असते आणि तोच उतार नव्याने सुरू होतो. आपल्या कानाला ही चाल एवढी झोंबते याचे एक कारण मला असे वाटते की एकाच स्वराची शुद्ध आणि कोमल रूपे अशी पाठोपाठ लावणे आपल्या बहुतेक रागांच्या शिस्तीत बसत नाही. ललितातल्या दोन मध्यमांसारखे अपवाद आहेत, पण तिथे तो अपवादच रागाचे रूप ठरवतो. इथे मात्र निषाद आणि धैवत दोघेही आपापली जागा सोडून घसरत जातात. कान एका स्वरावर विसावतो न विसावतो तोच तो स्वर अर्ध्या पायरीने खाली गेलेला असतो.

उतरत्या चार स्वरांची खर्जातली ओळ ही विलापाची खूण म्हणून इटलीत आधीच रूढ झालेली होती. इटालियन संगीतकार मोंतेवेर्दीने १६३८ साली छापलेला वनदेवतेचा विलाप अशाच ओळीवर आहे, आणि तिथेही प्रियकर सोडून गेलेलाच आहे. पर्सेलने त्या उतारात मधले सगळे अर्धस्वर भरले आणि पुढे स्वतःचा शेवट जोडला. त्यामुळे चार मापांचा नेहमीचा साचा पाच मापांचा झाला. हे एक वाढीव माप फार महत्त्वाचे आहे, कारण युरोपीय संगीतात वाक्ये दोन, चार, आठ अशा सम संख्येत बसवण्याची सवय असते आणि पाचाच्या फिरकीत कान स्वस्थ बसू शकत नाही.

आपण समेविषयी विचारलेत, तर होय, ते हेतुपूर्वक केलेले आहे. पहिल्या भागातले वाक्य दोन आवर्तनांवर पसरले आहे, पण एक आवर्तन संपून दुसरे सुरू होते त्या सांध्यावर पर्सेल आवाजाला थांबू देत नाही. खालची ओळ जिथे पूर्ण होते तिथे गाणारी मध्येच असते, आणि गाणारीचे म्हणणे जिथे पूर्ण होते तिथे खालची ओळ नव्या उताराला लागलेली असते. दोघी एकाच घरात राहून एकमेकींशी न बोलणाऱ्या बहिणींसारख्या आहेत. कंटाळा येत नाही तो यामुळेच. ओळ तीच असली तरी ती दर वेळी गाण्याच्या वेगळ्या जागेखाली येते आणि तिच्यावर उभे राहणारे स्वरसंवाद प्रत्येक फेरीत निराळे होतात.

सर्वांत मोठी करामत दुसऱ्या भागात आहे. ‘रिमेंबर मी’, म्हणजे ‘माझी आठवण ठेव’, हे शब्द डायडो आधी दोन वेळा एकाच स्वरावर म्हणते. तो स्वर पंचम आहे. ती पंचमावर स्थिर उभी असते आणि खाली ओळ अर्ध्या-अर्ध्या पायरीने घसरत असते, त्यामुळे तिचा स्वर न हलताही त्याचा अर्थ क्षणोक्षणी बदलतो. आता सुसंवादी, लगेच कर्णकटू, पुन्हा सुसंवादी. आणि तिसऱ्या वेळी तेच शब्द घेऊन आवाज वरच्या षड्जाला भिडतो, जो या गाण्यातला सर्वांत उंच स्वर आहे. संपूर्ण गाणे चार मिनिटांच्या आसपास असते आणि त्यात हा स्वर अगदी मोजक्याच जागी येतो. काटकसर म्हणजे काय ते रचनाकारांनी इथून शिकावे.

गायन संपल्यावरची दोन आवर्तने कृपा करून लक्ष देऊन ऐका. इतका वेळ जो उतार केवळ खर्जात होता, तो आता वरच्या व्हायोलिनच्या हाती येतो आणि तीही अर्धस्वरांनी उतरू लागतात. अनेकजण गायिका थांबली की गाणे संपले असे समजतात आणि ध्वनिमुद्रण तिथेच बंद करतात. त्यांचे फार मोठे नुकसान होते.

पैलतीर

मी लंडनमध्ये राहते आणि इथल्या एका हौशी गायकवृंदात गाते. या ऑपेरातील वृंदगीते आम्ही बसवली तेव्हा संहितेवर पुष्कळ चर्चा झाली होती, म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाविषयी लिहिते.

व्हर्जिलची डायडो आणि टेटची डायडो या दोन वेगळ्या स्त्रिया आहेत, हे आधी ध्यानात घ्यावे. व्हर्जिलच्या महाकाव्याच्या चौथ्या सर्गात एनियसला खरोखरच ज्युपिटरचा आदेश येतो आणि मर्क्युरी हा देवदूत तो घेऊन येतो. एनियस जातो, कारण रोमचा पाया घालणे हे त्याचे विधिलिखित आहे. डायडो त्याला शाप देते, त्याच्या वंशाशी आपल्या वंशाचे कायमचे वैर राहील असे म्हणते आणि चितेवर चढून त्याच्याच तलवारीने स्वतःला संपवते. पुढे सहाव्या सर्गात पाताळात दोघांची भेट होते तेव्हा तो रडून बोलतो आणि ती एक शब्दही न बोलता पाठ फिरवून निघून जाते.

टेटने यातला देवांचा भाग पूर्णपणे काढून टाकला. त्याच्या संहितेत एक चेटकीण आहे, जिला डायडोचा द्वेष आहे, आणि त्या द्वेषाचे कारणही एवढेच सांगितलेले आहे की भरभराटीत असलेल्या प्रत्येकाचाच तिला द्वेष वाटतो. ती आपल्या हाताखालच्या पिशाच्चाला मर्क्युरीचे रूप देऊन एनियसकडे पाठवते. म्हणजे ज्या आज्ञेसाठी एनियस प्रेम सोडायला निघतो, ती आज्ञाच खोटी आहे. प्रेक्षकांना ते ठाऊक असते, पण एनियसला आणि डायडोला ते अखेरपर्यंत कळत नाही. आणि ही आज्ञा ऐकल्यावर एनियस काय करतो? तो विलंब न लावता ‘आज रात्रीच निघतो’ असे कबूल करतो. दुःख करतो, मरण याहून सोपे झाले असते असेही म्हणतो, पण शंका विचारत नाही, मुदत मागत नाही. डायडोचा अपराधी मला इथे सापडतो.

तिसऱ्या अंकात तो तिच्यासमोर येतो तेव्हा ती त्याच्या अश्रूंना नाईलच्या काठावरील मगरीचे अश्रू म्हणते. मग तो राहायला तयार होतो, आणि त्यावर ती जे उत्तर देते ते माझ्या मते संपूर्ण संहितेचा कणा आहे: आता तू काहीही ठरवलेस तरी, मला सोडून जाण्याचा विचार एकदा तुझ्या मनात आला, एवढे मला पुरेसे आहे. आपण लिहिलेत की एनियस राहायला तयार झाला तेव्हा वियोगाचे कारण संपले. डायडोच्या दृष्टीने वियोग त्या आधीच होऊन गेलेला आहे. तो समोर उभा असला काय आणि गलबतावर चढला काय, तिच्यासाठी फरक उरलेला नाही. मग तो जातो, आणि लगेच ती म्हणते की तो गेल्यावर मृत्यू टळणारा नाही. वृंद त्यावर म्हणतो की थोर मनेच स्वतःविरुद्ध कट करतात आणि ज्या उपायाची त्यांना सर्वाधिक ओढ असते तोच नाकारतात. टेटला अनेक समीक्षकांनी सामान्य कवी ठरवले आहे. मला या दोन ओळींसाठी तो मोठा वाटतो.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येते. आपण असे गृहीत धरले आहे की ‘माझी आठवण ठेव’ हे एनियसला म्हटलेले आहे. कृपया गाण्याच्या आधीचे चार ओळींचे पठण पुन्हा ऐका. त्याचा पहिलाच शब्दसमूह ‘दाय हँड, बेलिंडा’ असा आहे, म्हणजे ‘तुझा हात दे, बेलिंडा’. बेलिंडा ही राणीची सखी. डोळ्यांपुढे अंधार दाटतो आहे, मला तुझ्या छातीवर डोके टेकू दे, असे डायडो तिला सांगते, आणि हे सांगताना आवाज पायरी-पायरीने खाली उतरत जातो. तिथून गाणे सुरू होते, आणि गाण्याचे पहिले मागणे हे आहे की मला मातीत ठेवल्यावर माझ्या दुःखांनी तुझ्या उरात खळबळ होऊ नये. ते ऊर त्याच सखीचे, ज्याच्यावर आत्ता तिने डोके टेकले आहे. एनियसचे नाव गाण्यात एकदाही येत नाही.

हे लक्षात आल्यावर बेलिंडाने आधी काय केले ते आठवावे. पहिल्या अंकात चिंतेत बुडालेल्या राणीला या प्रेमाकडे वळवणारी हीच. पाहुण्यावर प्रेम करण्यात भय कसले, असे हीच तिला समजावते. हे लग्न व्हावे म्हणून जिने एवढी उमेद दिली, तिलाच आता राणीचा मृत्यू आपल्या मांडीवर पाहावा लागणार आहे. आयुष्यभर ती स्वतःला दोष देत राहील हे डायडो जाणते. म्हणून तिचे शेवटचे मागणे असे आहे की मला आठव, पण माझे जे झाले ते विसर. ज्याने तिला दुखावले त्याला ती उद्देशून गात नाही, आणि आपल्यामुळे जिला दुःख होईल तिला ती सोडवू पाहते.

आणखी एक गोष्ट जोडते. संपूर्ण ऑपेरात डायडोची मोठी एकल गाणी दोनच आहेत. पहिले पहिल्या अंकाच्या आरंभी येते आणि त्याचे पहिले शब्दच ‘आह, बेलिंडा’ असे आहेत. तेही फिरत्या खर्जाच्या ओळीवरच बांधलेले आहे. एनियसच्या वाट्याला पर्सेलने एकही स्वतंत्र गाणे दिलेले नाही, त्याला केवळ पठणवजा संवाद आहेत. डायडो आणि एनियस यांचे जे काही एकत्र गायन आहे ते भांडणाचे आहे. प्रियकर-प्रेयसीच्या ताटातुटीची ही कथा खरी, पण तिच्यातला सर्वांत जवळचा संवाद दोन स्त्रियांमधला आहे आणि पर्सेलला ते पुरेपूर उमगलेले होते.

तीव्र मध्यम

दोघांचेही मनःपूर्वक आभार. ‘खर्ज’ यांनी दिलेली स्वरांची उकल हाताशी घेऊन गाणे पुन्हा ऐकले. स्थिर पंचमाखाली ओळ घसरते ती जागा आता स्पष्ट ऐकू येते.

‘पैलतीर’, पहिला भाग बेलिंडाला उद्देशून आहे हे आपले म्हणणे मला पूर्ण पटते. दुसऱ्या भागाविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. जिच्या छातीवर डोके टेकले आहे तिला काही सांगायचे असेल तर ते पंचमावरच सांगून होते, आणि पर्सेलने ते तसे दोनदा सांगूनही घेतले आहे. तिसऱ्या वेळी आवाज वरच्या षड्जापर्यंत का जावा? शेजारी असलेल्या माणसासाठी कोणी इतक्या उंचावर जात नाही. माझ्या कानाला ती हाक बंदराकडे जाणारी वाटते, जिथे गलबतांची शिडे उभारली जात आहेत. शब्द सखीसाठी आणि स्वर त्याच्यासाठी, असे एकाच ओळीत होऊ शकते. आपल्या ठुमरीत हे नेहमी घडते. बोल सखीला सांगितलेले असतात, पण ज्याने ऐकावे अशी इच्छा असते तो दुसराच कोणी असतो.

जुनी वही

हा धागा वाचून आनंद झाला. ऑपेराच्या इतिहासाविषयी आणि ध्वनिमुद्रणांविषयी लिहितो.

या रचनेचा उल्लेख चेल्सी येथील मुलींच्या एका निवासी शाळेशी जोडलेला आहे. ती शाळा जोसायस प्रीस्ट हे नृत्यशिक्षक चालवत. तिथे ‘तरुण कुलीन कन्यांनी’ हा प्रयोग केल्याचे त्या वेळच्या छापील संहितेवर नमूद आहे, आणि तो १६८९ पर्यंत झालेला होता. त्याच शाळेत १६८४ साली पर्सेलचे गुरू जॉन ब्लो यांचा ‘व्हीनस अँड अडोनिस’ हा लहानसा ऑपेराही झाला होता, आणि त्याचाही शेवट प्रियकराच्या मृत्यूने आणि वृंदाच्या शोकगीताने होतो. त्यामुळे पर्सेलपुढे एक नमुना होता असे म्हणायला जागा आहे. ‘पैलतीर’ यांनी दोन स्त्रियांच्या नात्याविषयी जे लिहिले, त्याला मुलींच्या शाळेतील या प्रयोगाची बाजू जोडून पाहावी असे मला वाटते. डायडो, बेलिंडा, चेटकिणी आणि सख्या असा हा मुख्यतः स्त्रियांच्या आवाजांचा ऑपेरा आहे.

पर्सेल १६९५ साली वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी वारले आणि ज्या वेस्टमिन्स्टर ॲबीत ते ऑर्गनवादक होते तिथेच त्यांचे दफन झाले. त्यानंतर १७०० साली लंडनच्या एका नाट्यगृहात शेक्सपिअरच्या ‘मेझर फॉर मेझर’ या नाटकाच्या रूपांतरात हा ऑपेरा तुकड्यातुकड्यांनी घालून सादर केला गेला. पुढे तो रंगभूमीवरून दिसेनासा झाला. पर्सेलच्या द्विशताब्दीनिमित्त १८९५ साली रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकच्या विद्यार्थ्यांनी लंडनच्या लायसियम नाट्यगृहात त्याचा प्रयोग केला, तेव्हा तो रंगमंचावर परतला. पर्सेलच्या हातची प्रत आज अस्तित्वात नाही. सर्वांत जुनी संपूर्ण स्वरलिपी त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी उतरवलेली आहे आणि ती ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. संहितेत असलेल्या काही भागांचे संगीत, उदाहरणार्थ संपूर्ण नांदी, हरवलेले आहे. एवढ्या पडझडीतून हा विलाप शाबूत राहिला, याबद्दल त्या अज्ञात नकलकाराचे आपण ऋणी आहोत.

ध्वनिमुद्रणांमध्ये माझी पहिली शिफारस जॅनेट बेकर यांची, १९६१ सालची, अँथनी लुईस यांच्या संचालनाखालील. त्यांचा आवाज पंचमावर ज्या संयमाने थांबतो तसा मी अन्यत्र ऐकलेला नाही. त्यानंतर १९८१ चे एमा कर्कबी आणि अँड्र्यू पॅरट यांचे ऐकावे. तिथे जुन्या पद्धतीची वाद्ये आहेत, पट्टी आजच्यापेक्षा सुमारे अर्ध्या स्वराने खाली आहे, आणि आवाज कंपरहित, जवळजवळ किशोरवयीन आहे, त्यामुळे चेल्सीच्या शाळेची कल्पना करता येते. कर्स्टन फ्लॅगस्टाड यांनी १९५१ साली लंडनच्या मर्मेड नाट्यगृहात ही भूमिका केली आणि पाठोपाठ तिचे ध्वनिमुद्रण झाले, त्यात बेलिंडा आहेत एलिझाबेथ श्वार्ट्सकॉफ. तो आवाज या गाण्यासाठी फार विशाल आहे असे काहींचे मत आहे. मला तो राणीला शोभणारा वाटतो. लॉरेन हंट यांचे ध्वनिमुद्रण मी शेवटी सुचवतो, कारण ते आधी ऐकले तर बाकीच्यांना न्याय देणे कठीण जाते.

‘तीव्र मध्यम’ यांनी वरच्या षड्जाविषयी जे लिहिले त्याला दुजोरा देणारी एक गोष्ट आहे. दरवर्षी नोव्हेंबरमधील दुसऱ्या रविवारी लंडनच्या व्हाइटहॉलमध्ये युद्धात मरण पावलेल्यांचे सार्वजनिक स्मरण होते. त्या वेळी लष्करी वाद्यवृंद जी ठरलेली गीते वाजवतात त्यांत हा विलाप असतो. शब्द नसतात, बेलिंडा नसते आणि एनियसही नसतो, तरीही ती मागणी तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकापर्यंत पोहोचते. स्वर एका श्रोत्यापुरता बांधलेला नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येईल.

याच जातीचे पुढचे काही ऐकायचे असेल, तर पर्सेलच्याच ‘द फेअरी क्वीन’ मधील ‘ओ लेट मी वीप’ हे गाणे ऐकावे. ते १६९३ च्या पुनःप्रयोगासाठी घातले गेले. प्रियकर निघून गेला आहे, तो पुन्हा दिसणार नाही, एवढाच त्याचा आशय आहे. तेही उतरत्या अर्धस्वरांच्या फिरत्या ओळीवर बांधलेले आहे आणि आवाजाच्या सोबतीला एक एकटे वाद्य आहे, जे कधी व्हायोलिनवर तर कधी ओबोवर वाजवले जाते. लांबीने ते विलापापेक्षा बरेच मोठे आहे.

पैलतीर

‘तीव्र मध्यम’, ठुमरीचा दाखला मला आवडला, पण माझे मत कायम आहे. हाक बंदराकडे गेली असेल असे आपण म्हणता, तर ‘माझे जे झाले ते विसर’ हेही त्याच्यापर्यंत जायला हवे, आणि एनियसने ते विसरावे असे डायडोला का वाटेल? जिने मगरीचे अश्रू म्हणून त्याला फटकारले, ती इतक्या लवकर त्याला मोकळे करणार नाही. सखीला मात्र ती नक्की करील.

विलापानंतरचे वृंदगीत ऐकून आपले काय मत होते ते अवश्य कळवावे. त्यात मदनदूतांना सांगितले जाते की पंख मिटून या, तिच्या समाधीवर गुलाब पसरा, इथे पहारा द्या आणि कधीही दूर जाऊ नका. ‘कधीही’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि प्रत्येक वेळी त्याच्या पुढे सर्व आवाज एकदम थांबतात. गाणाऱ्यांसाठी त्या थांबण्याच्या जागा फार अवघड आहेत, कारण श्वास घेतल्याचा आवाजही तिथे ऐकू जातो. राणीला सोडून कोणीतरी गेले या गोष्टीवर रचलेल्या ऑपेराचे शेवटचे मागणे ‘सोडून जाऊ नका’ हे आहे. ते ऐकणारे कोणी माणूस नाही, आणि एनियस तर नाहीच.

खर्ज

तानपुऱ्याविषयीचा प्रश्न राहून गेला होता, त्याचे उत्तर देतो. गाणे अवश्य गाऊन पाहा, पण तानपुऱ्यावर नको. तानपुरा षड्ज आणि पंचम अखंड धरून ठेवतो, आणि या गाण्याचा सारा परिणाम खालचा आधार सरकत राहण्यावर आहे. आपण ‘रिमेंबर मी’ पंचमावर म्हणाल तेव्हा तानपुऱ्यातही पंचमच वाजत असेल, म्हणजे दोन्ही सुखाने एकरूप होतील आणि जो ताण हवा तोच नाहीसा होईल. त्याऐवजी कोणालातरी हार्मोनियमवर केवळ खालची ओळ वाजवायला सांगा. आवर्तन पंधरा मात्रांचे, लय विलंबित पण थबकणारी नव्हे. गाणाऱ्याला भावनेच्या भरात रेंगाळावेसे वाटते, तरी हार्मोनियमने थांबू नये, ही अट वाजवणाऱ्याला आधीच सांगून ठेवावी.

पट्टीचीही काळजी घ्यावी लागेल. पांढरी पाच हा आपला नेहमीचा षड्ज असेल तर हे गाणे बहुतांशी तार सप्तकात जाते आणि ‘रिमेंबर मी’ तार पंचमावर येते, जे आपल्या गायकीच्या आवाजाला सोसणारे नाही. षड्ज मोकळेपणाने खाली घ्या. आधी शब्दांशिवाय, आकारात, पहिल्या भागाची दोन आवर्तने गा आणि सांध्यावर श्वास न तोडण्याचा सराव करा. तो साधला की मग शब्द घ्या. आवर्तनाचे तक्ते मी आपल्या स्वरलिपीत लिहून काढलेले आहेत, ते उद्या याच धाग्यावर टाकतो.